कला अकादमीचं नूतनीकरण आणि हरवलेला 'आधीचा आकडा'

गोव्याच्या कला अकादमीवर गेल्या काही वर्षांत इतकं बोललं गेलंय की आणखी एक लेख कशाला, असं कोणीही विचारेल. खर्च, निविदा, गळती, कोसळलेलं छत, आवाज, दिवे, सगळ्यावर बोलून झालंय. पण या ब्लॉगवर आपण एरवी प्रयोग कसा आखायचा, दावा कसा तपासायचा, याबद्दल बोलतो. म्हणून आज ही वास्तू त्याच नजरेनं बघू. माझा मुद्दा एकच आहे. नाट्यगृह हे एक उपकरण आहे. उपकरण दुरुस्तीला काढण्याआधीचं त्याचं वाचन समोर नसेल, तर दुरुस्तीनंतरचा कुठलाच दावा सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. कला अकादमीच्या वादात नेमकं हेच झालंय.

आधी वास्तू समजून घेऊ

ज्यांनी पणजी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कला अकादमी ही संस्था १९७० मध्ये स्थापन झाली. तिची कांपाल इथली, मांडवीच्या काठावरची इमारत चार्ल्स कोरिया यांनी आखली आणि ती १९८३ पर्यंत पूर्ण झाली. कोरिया म्हणजे अहमदाबादचं साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय आणि भोपाळचं भारत भवन ज्यांनी उभं केलं तेच. मूळचं गोव्याचं घराणं, जन्म सिकंदराबादचा (१९३०), निधन २०१५ मध्ये.

इमारतीत सुमारे हजार आसनांचं दीनानाथ मंगेशकर कला मंदिर आहे, त्याच्या दुपटीच्या आसपास माणसं बसतील असा खुला रंगमंच आहे, एक छोटं ब्लॅक बॉक्स नाट्यगृह आहे. शिवाय संगीत आणि नाट्यशिक्षणाचे वर्ग, प्रदर्शनाची जागा, कॅफेटेरिया. मराठी नाट्यस्पर्धा इथे होते, तियात्र होतात, केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोह होतो, पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम होतात, परिषदा भरतात आणि इफ्फी २००४ पासून गोव्यात आल्यावर चित्रपटही दाखवले गेले. छोट्या राज्याला अशी एकच मोठी जागा असते आणि तिला सगळी कामं करावी लागतात. हे लक्षात ठेवा, पुढे आवाजाच्या मुद्द्याला ते लागणार आहे.

वास्तू म्हणून ती चांगली का आहे? मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, ती बुटकी आणि आडवी आहे. रस्त्यावरून आत शिरलं की मोठ्या छपराखालच्या मोकळ्या जागेतून तुम्ही थेट नदीपर्यंत चालत जाऊ शकता. तिकीट काढलेलं नसलं तरी. सरकारी सांस्कृतिक इमारती साधारणपणे पायऱ्या चढायला लावतात, दारात वॉचमन बसवतात आणि 'काय काम आहे' असं विचारतात. ही इमारत ते विचारत नाही. संध्याकाळी नदीवर जाणारा माणूस, तालमीला आलेली मुलं आणि प्रयोगाचा प्रेक्षक एकाच छपराखालून जातात.

दुसरी, नाट्यगृहाच्या बाजूच्या भिंती. तिथे मारिओ मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहासारखे सज्जे रंगवलेत आणि त्यात बसलेली गोमंतकीय माणसंही. प्रयोग सुरू होण्याआधीच थिएटर भरलेलं दिसतं. समोर वीस माणसं असली तरी नटाला अगदी एकटं वाटू नये अशी ती सोय आहे. मला ही युक्ती आवडते, कारण ती फक्त सजावट नाही, नाट्यगृहाला नेमकं काय हवं असतं ते तिला कळलंय.

कौतुकाची किंमत

आता उलट बाजू. नदीच्या मुखाजवळ, खारट हवेत, वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो अशा ठिकाणी काँक्रीटची उघडी, पसरट, सपाट छतांची इमारत बांधली की ती देखभालीचं मोठं बिल सोबत घेऊनच येते. कोरियाभक्त हा भाग टाळतात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. काँक्रीट अल्कधर्मी असतं, सामू साधारण १२ ते १३. या वातावरणात आतल्या सळीवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर तयार होतो आणि तो सळीला गंजू देत नाही. हा थर दोन प्रकारे मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून सामू ९ च्या खाली आणतो. दुसरं म्हणजे खारट हवेतले क्लोराइड आयन सामू कमी न होताही तो थर भेदतात. मग सळी गंजते. गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा घेतो, कधी त्याहून बरीच जास्त. त्या दाबानं बाहेरचं काँक्रीट फुटतं आणि पोपडे पडतात. वरून प्लॅस्टर आणि रंग मारला तर इमारत नवी दिसते, पण गंज आत चालूच राहतो.

कार्बोनेशनची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे समजा १० वर्षांत ती १० मिलिमीटर गेली, तर ४० वर्षांत २० मिलिमीटर जाईल. सळीवर २० मिलिमीटरचंच आवरण असेल तर चाळिसाव्या वर्षी सळी उघडी पडल्यासारखीच. हे उदाहरणाचे आकडे आहेत, कला अकादमीचं निदान नाही. पण यातून एक कळतं की आवरण दुप्पट केलं तर वेळ चौपट मिळतो. आपल्या आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत किनारपट्टीच्या हवेला 'तीव्र' वर्गात घालून ४५ मिलिमीटर आवरण सांगितलंय. कला अकादमी उभी राहिली तेव्हा ही आवृत्ती नव्हती. त्यामुळे त्या काळातल्या किनारपट्टीवरच्या कुठल्याही काँक्रीटच्या इमारतीबद्दल 'चाळीस वर्षं टिकली, अजून टिकेल' असं म्हणणं भाबडेपणाचं आहे.

म्हणून नूतनीकरणाची गरज होती का, या प्रश्नावर माझं उत्तर 'होय, नक्कीच' असं आहे.

काय झालं

२०१९ मध्ये खुला रंगमंच पाडण्याचा विचार सरकारच्या बाजूनं पुढे आला. चार्ल्स कोरिया फाउंडेशन आणि अनेक कलाकारांनी विरोध केला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं आणि पाडणं टळलं. पुढे २०२१ पासून इमारत बंद करून नूतनीकरण सुरू झालं. ते चालू असतानाच, जुलै २०२३ मध्ये, त्याच खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. कोणी खाली नव्हतं हे नशीब. नोव्हेंबर २०२३ मध्ये इमारत पुन्हा खुली झाली. त्यानंतर आवाज, दिवे आणि गळती यांबद्दल कलाकारांच्या तक्रारी येत राहिल्या आणि २०२५ मध्ये सरकारनं नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली एक कृती दल नेमलं.

या सगळ्यात मी जे वाचलं त्यातली बहुतेक चर्चा 'किती कोटी' या प्रश्नाभोवती होती. तो प्रश्न बरोबरच आहे, पैसा जनतेचा आहे. पण 'किती सेकंद' आणि 'किती मिलिव्होल्ट' हे प्रश्न जवळजवळ कोणी विचारले नाहीत. सरकार म्हणालं, काम चांगलं झालंय. कलाकार म्हणाले, आवाज बिघडलाय. दोन्ही बाजूंची वाक्यं विशेषणांत संपतात.

'किती सेकंद' म्हणजे काय

१८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना म्हणून वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे ते काम आलं. त्याच्याकडे ऑर्गनची एक नळी, स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान एवढंच होतं. नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज ऐकू येईनासा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंद लागत होते. मग तो रात्री शेजारच्या थिएटरमधल्या गाद्या आणून आत ठेवायचा, मोजायचा आणि सकाळपर्यंत परत नेऊन ठेवायचा. यातून जे सूत्र आलं ते आजही वापरतात. निनादकाल, म्हणजे रिव्हर्बरेशन टाइम, हा सभागृहाच्या घनफळाला ०.१६१ नं गुणून आतल्या एकूण ध्वनिशोषणानं भागलं की मिळतो. घनफळ घनमीटरमध्ये, शोषण चौरस मीटरमध्ये, उत्तर सेकंदांत.

आता एक काल्पनिक सभागृह घेऊ. हजार आसनं, माणशी ६ घनमीटर, म्हणजे घनफळ ६००० घनमीटर. प्रेक्षक बसलेले असताना एकूण शोषण ८०० चौरस मीटर असेल तर निनादकाल १.२ सेकंद. आता नूतनीकरणात पडदे बदलले, आसनांवरचं कापड बदललं, भिंतीवरचं एखादं आवरण काढून गुळगुळीत पृष्ठभाग केला आणि शोषण ६५० वर आलं. निनादकाल झाला सुमारे १.५ सेकंद. बघणाऱ्याला सगळं झकास दिसेल. पण निनादकालात साधारण ५ टक्के फरक पडला तरी तो कानाला जाणवू शकतो असं मानलं जातं. इथे फरक सुमारे २३ टक्के आहे.

हा फरक चांगला की वाईट, ते आत काय चाललंय त्यावर ठरतं. संवादांना साधारण एक सेकंदाच्या आसपासचा निनादकाल बरा, नाहीतर एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला त्याच्या जवळजवळ दुप्पट हवा असतो, तिथे स्वर एकमेकांत मिसळायलाच हवेत. नाट्यसंगीताला दोन्ही लागतं, आधी गद्य कळलं पाहिजे आणि मग तान फुलली पाहिजे. तियात्रात बँड आणि कांतारां आहेत, पण कांतारांतला टोमणा ऐकू आला नाही तर हशा कुठून येणार? वर म्हटलं तसं, छोट्या राज्यातल्या एकाच सभागृहाला हे सगळं सांभाळायचं असतं. अशा तडजोडीच्या सभागृहात थोडीशी ढवळाढवळही कोणाला तरी भोवते.

यात आणखी दोन गोष्टी धरा. वातानुकूलनाचा घोंघाट किती, आणि स्पीकर कुठे लावलेत. निनादकाल तोच राहूनही या दोन कारणांनी शब्द अस्पष्ट होऊ शकतो. म्हणजे 'आवाज बिघडलाय' या एका वाक्यात किमान तीन वेगळी निदानं लपलेली आहेत आणि तिन्हींवरचे उपाय आणि खर्च वेगवेगळे आहेत.

दोन्ही बाजूंवर माझे आक्षेप

सरकारी बाजूवरचा आक्षेप सरळ आहे. इमारत दोन वर्षांहून जास्त काळ बंद होती. बंद करण्याआधी, एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या सभागृहात, दहा-बारा ठरावीक जागांवर मोजमाप घ्यायला फार तर दोन-चार दिवस लागले असते. काँक्रीटसाठीही हेच. फिनॉल्फ्थॅलिन फवारलं की जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे ते गुलाबी होतं, जिथे कार्बोनेशन पोचलंय तिथे रंग येत नाही. सळीचं विद्युत विभव कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. या चाचण्या महागड्या नाहीत. आणि मोजमाप फायलीत असून उपयोग नाही. ज्या दिवशी इमारत खुली केली, त्या दिवशी आधीचा आणि नंतरचा तक्ता लोकांसमोर ठेवायला हवा होता. नव्या रंगाचे फोटो हा पुरावा नाही.

कलाकारांच्या बाजूवरचा आक्षेप थोडा नाजूक आहे. त्यांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. जो माणूस तीस वर्षं एकाच रंगमंचावर उभा राहिलाय, त्याचा कान हे एक चांगलं उपकरण आहे. पण आवाजाची तपशीलवार स्मृती फार टिकत नाही. २०१९ चा प्रयोग आणि २०२४ चा प्रयोग यांत संघ वेगळा, माइक वेगळे, ध्वनिसंयोजक वेगळा, बसण्याची जागा वेगळी. यातला फरक इमारतीमुळे किती आणि बाकीच्यामुळे किती, हे नुसत्या आठवणीतून सुटं करता येत नाही. शिवाय 'कोरियांनी बांधलंय, हात लावू नका' हा युक्तिवाद वास्तूच्या बाजूचा वाटला तरी तो तिला वाचवत नाही. गंजाला वास्तुविशारदाचं नाव माहीत नसतं.

याच युक्तिवादाला कायद्याचाही आधार नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक ठरायला किमान १०० वर्षं लागतात. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं राज रेवल यांचं हॉल ऑफ नेशन्स १९७२ चं होतं. एप्रिल २०१७ मध्ये ते पाडलं गेलं. आधुनिक इमारती या फटीत सापडतात. पाडायला पुरेशा जुन्या आणि जपायला फारच नव्या. अशा वेळी भावनेपेक्षा नोंदी जास्त कामाला येतात.

नोंद असली की काय होतं

व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेरागृह जानेवारी १९९६ मध्ये जळून खाक झालं. त्याच्या थोडंच आधी इटालियन संशोधकांनी आत ध्वनीची मोजमापं घेऊन ठेवली होती. त्यांना काही आग लागणार हे माहीत नव्हतं. २००३ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं तेव्हा जुन्या आवाजाशी तुलना करायला आकडे होते. पॅरिसच्या नोत्र-दामचंही असंच. २०१९ च्या आगीच्या आधीची, १९८७ आणि २०१३ ची ध्वनिमापनं हाताशी होती. दोन्हीकडे कोणीतरी 'आत्ता काही बिघडलेलं नाही' अशा वेळी मोजून ठेवलं होतं.

मग कला अकादमीचा 'आधीचा आकडा' आता कायमचा गेला का? पूर्णपणे नाही. आणि इथे कोणाला तरी छान प्रकल्प मिळू शकतो. चाळीस वर्षांत तिथे झालेल्या मैफली आणि नाटकं ध्वनिमुद्रित झालेली आहेत, आकाशवाणीकडे, संस्थांकडे, लोकांच्या घरच्या कॅसेटवर. तबल्याची थाप पडून लगेच शांतता असेल, किंवा गायकानं अचानक स्वर सोडला असेल, तर त्यानंतरच्या सेकंदभरात सभागृहाची निनादाची शेपटी पकडता येते. तिच्या उतारावरून निनादकालाचा अंदाज काढायच्या पद्धती आहेत. अडचणीही आहेत. माइक कलाकाराच्या अगदी जवळ असेल तर सभागृह कमी ऐकू येतं, कॅसेटचा खरखराट शेपटी गिळतो आणि कोणी ध्वनिमुद्रणात कृत्रिम निनाद मिसळला असेल तर सगळंच फसतं. म्हणून एका मुद्रणावर विसंबायचं नाही, वेगवेगळ्या वर्षांची पन्नास-साठ घ्यायची, त्रुटीची मर्यादा आकड्यासोबत लिहायची आणि मग आजच्या प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून बघायचं.

तुमच्यासाठी यात काय आहे

संशोधन प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा 'क्ष केल्यामुळे य सुधारलं का' अशा प्रकारचा प्रश्न बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. नदी साफ झाली का, शाळेत नवी पद्धत आणल्यावर मुलं शिकली का, नव्या लेपामुळे गंज कमी झाला का. मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत विचारतील, 'आधीचं मोजमाप कुठंय?' तेव्हा कला अकादमी आठवा आणि स्वतःला चार गोष्टी विचारा.

१. मी जे मोजणार ते लोकांच्या खऱ्या तक्रारीशी जोडलेलं आहे का? 'शब्द कळत नाही' ही तक्रार असेल तर नुसता निनादकाल पुरणार नाही, शब्दांची स्पष्टताही मोजावी लागेल.

२. हस्तक्षेपाआधीचं वाचन आहे का? नसेल तर ते अप्रत्यक्ष मार्गानं कुठून मिळेल?

३. दोन वाचनांमध्ये आणखी काय काय बदललंय? रिकामं सभागृह आणि भरलेलं सभागृह यांची तुलना करून नूतनीकरणाला दोष देता येत नाही, श्रेयही देता येत नाही.

४. माझा निष्कर्ष उलटा यायला कुठला आकडा पुरेसा ठरेल, हे मी आधीच लिहून ठेवलंय का?

चौथा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. कला अकादमीच्या वादात कोणत्याही बाजूनं 'अमुक आकडा आला तर आम्ही आमचं म्हणणं मागे घेऊ' असं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

शेवटी वास्तूबद्दल माझं मत. कला अकादमी अजूनही भारतातल्या चांगल्या सांस्कृतिक इमारतींपैकी एक आहे, कारण रस्ता ते नदी ही तिची मोकळी वाट आणि मारिओंचे सज्जे यांतली कल्पना अजून शाबूत आहे. नूतनीकरणाला मात्र मी उत्तीर्ण म्हणणार नाही. काम वाईटच झालंय असं मी म्हणत नाहीये. काम तपासता येईल अशा रीतीनं केलं गेलं नाही, आणि लोकांच्या पैशातून लोकांच्या जागेवर केलेल्या कामात हा दोष मोठाच मानला पाहिजे. यापुढे कृती दलाच्या शिफारशीनुसार जी काही दुरुस्ती होईल, तिच्या आधी तरी कोणीतरी मोजून ठेवा. गोव्यात ध्वनिशास्त्राची आवड असलेले एमएस्सीचे दोन विद्यार्थी, एक चांगला माइक, एक लॅपटॉप आणि सभागृहाची एक रिकामी सकाळ, सुरुवातीला एवढं पुरे आहे.